इन्व्हर्टर मोठा घेण्याआधी पंखे बदला

चांदणवेल (धागाकर्ती)
लाइट वारंवार जायला लागली की पहिला सल्ला मिळतो तो 'अजून मोठी बॅटरी घ्या'. माझं मत उलट आहे. आधी घरातला भार कमी करा.

हिशोब साधा आहे. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी दरवेळी तळापर्यंत उतरवली तर लवकर मरते, म्हणून निम्मीच धरा. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, ती वजा केली की साडेसातशेच्या आसपास उरते. जुने 75 वॉटचे 2 पंखे, 9 वॉटचे 4 दिवे आणि राउटर एवढंच चालवलं तरी 4 तासांत खेळ आटोपतो. तेच पंखे 30 वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) लावले, तर त्याच बॅटरीवर 7 तास निघतात. आमच्याकडे पंखेच बदलले. आता लाइट गेल्यावर पहाटे गरमीने कुणी उठत नाही.

उंबरठा
हे पंखे-दिव्यांपुरतं ठीक. माझ्या वडिलांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) लागतो, 350 वॉटचा. तुमच्याच हिशोबाने तो दोन-सव्वादोन तासच चालेल. इथे भार कुठून कमी करू? मागच्या पावसाळ्यात रात्री 10 ला गेलेली लाइट सकाळी 9 ला आली. शेवटचे दोन तास मी बॅटरीच्या दिव्याकडे बघत बसलो होतो, हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल. तेव्हापासून घरी जनरेटर आहे आणि तो काढणार नाही. इंधन घातलं की चालतो, एवढं मला पुरे.

गारवेल
सगळे छपरावरचं सोलर विसरताय. दिवसा तर सगळं फुकटच!

चांदणवेल
@गारवेल, बॅटरी नसलेलं, ग्रिडला म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेलं सोलर लाइट गेल्यावर स्वतःच बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला उलट्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर असेल तर गोष्ट वेगळी.

@उंबरठा, तुमचं म्हणणं मान्य. यंत्रावर श्वास चालतो तिथे माझा पंख्यांचा सल्ला लागू नाही. पण जनरेटर ठेवलाय कुठे? बाल्कनीत किंवा जिन्याखाली असेल तर आजच हलवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. आणि घराच्या वायरिंगला जोडताना चेंजओव्हर स्विच हवाच, म्हणजे बाहेरची लाइन तोडून घर जनरेटरवर घेणारा स्विच. नुसती वायर सॉकेटमध्ये खुपसली तर वीज बाहेरच्या लाइनवर जाते.

निवडुंग
लेड-अ‍ॅसिड धरूनच का भांडताय? लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत बिनधास्त उतरवता येते, डिस्टिल्ड वॉटरची कटकट नाही. सुरुवातीला पैसे जास्त जातात, पण टिकतेही कितीतरी जास्त. फक्त जुन्या इन्व्हर्टरचं चार्जिंग तिला चालतं का, ते आधी विचारून घ्या.

उंबरठा
जनरेटर अंगणात आहे, खिडक्यांपासून लांब. चेंजओव्हर स्विच मात्र नव्हता, उद्याच इलेक्ट्रिशियनला बोलावतो. लिथियमचंही बघेन, जनरेटर सुरू करेपर्यंतची मधली वेळ भरून निघेल. पण जनरेटर राहणारच. भरलेला ऑक्सिजन सिलिंडरही वडिलांच्या उशाशी उभा असतो. त्याला ना बॅटरी लागते, ना डिझेल.