मदत हवी आहे: डीजी सेटचं डिझेल लेव्हल रीडिंग उड्या मारतंय

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीचा डीजी सेट (डिझेल जनरेटर) आहे. टाकीत पट्टी घालून पाहिलं तर डिझेल अर्ध्याच्या वर, पण सेट चालू झाला की कंट्रोलरवर लेव्हल एकदम खाली येते आणि लो फ्युएलवर सेट बंद पडतो. वरच्या मजल्यांवर वयस्कर माणसं आहेत, लिफ्ट मध्येच अडकते, फार काळजी वाटते.

टाकीतला लेव्हल सेन्सर काढून रेझिस्टन्स बघायला मल्टीमीटर लावला. फ्लोट (डिझेलवर तरंगणारा भाग) खाली असताना २४० ओहम, पूर्ण वर नेल्यावर ३३, रीडिंग मध्ये कुठे तुटत नाही. मेकॅनिक तरी सेन्सरच बदला म्हणतो. मला संशय सेन्सरच्या अर्थिंगचा: ती टाकीच्या पत्र्यातूनच आहे, बोल्टखाली गंज धरलाय. तिथे रेझिस्टन्स वाढला तर लेव्हल कमीच दिसणार ना?

बॅटरीच्या निगेटिव्हपासून वेगळी वायर ओढून कोणाचं काम झालंय का?