प्रतिसाद: २००१ चा चॅम्पियन नेमका कोण?

वर कुणीतरी म्हटलंय की २००१ ला बास्केटबॉलमध्ये युरोपचा क्लब चॅम्पियन इस्रायलचा मकाबी तेल अवीव. बरोबर आहे, पण अर्धंच! त्या सीझनला युरोपात टॉपच्या दोन लीग समांतर चालू होत्या. फिबाची (बास्केटबॉलची जागतिक संघटना) सुप्रोलीग वेगळी आणि मोठ्या क्लब्सनी फुटून युलेबच्या (युरोपातल्या बास्केटबॉल लीग्सची संघटना) झेंड्याखाली काढलेली युरोलीग वेगळी, त्यामुळे चॅम्पियनही दोन झाले. मकाबीने पॅरिसला ग्रीसच्या पनाथिनायकोसला हरवून सुप्रोलीग घेतली, आणि इकडे युरोलीगची फायनल एका मॅचची नव्हतीच, बेस्ट ऑफ फाइव्ह सिरीज होती, ती इटलीच्या किंडर बोलोन्याने स्पेनच्या ताऊ सेरामिकाला ३-२ ने हरवून जिंकली. बोलोन्याचा जिनोबिली फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), कोच मेसिना, शिवाय इटलीची लीग आणि कपही त्याच वर्षी त्यांनीच उचलला. मला विचाराल तर माझं मत बोलोन्यालाच, पाच मॅचच्या सिरीजमध्ये नशिबाने जिंकता येत नाही राव.

पण मकाबी आणि बोलोन्याची आपसात मॅच झालीच नाही हे खरं दुखणं. पुढच्या सीझनपासून सगळे परत एकाच युरोलीगमध्ये आले. फिबा आणि युरोलीगचं भांडण मात्र संपलं नाही, २०१६ ला फिबाने परत वेगळी बास्केटबॉल चॅम्पियन्स लीग काढलीच की!