मदत हवी आहे: डिस्प्ले सुरू केला की विमानाच्या रेडिओत खरखर

स्वतः बांधलेलं दोन सीटचं विमान आहे, बॉडी फायबरग्लासची. व्हीएचएफ रेडिओवर दोन आवाज येतात आणि दोन्ही वेगवेगळ्या वाटेनं शिरत असावेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला आवाज खरखरीचा. इंजिन बंद, मास्टर स्विच ऑन आणि फक्त रेडिओ चालू असला की सगळं शांत. डिस्प्लेचा (पॅनेलवर उड्डाणाची माहिती दाखवणाऱ्या स्क्रीनचा) स्विच टाकला की १२० मेगाहर्ट्झच्या आसपास स्क्वेल्च (सिग्नल नसताना रेडिओ गप्प ठेवणारी सोय) आपोआप उघडतो आणि उघडाच राहतो. १३० च्या पुढे जवळपास काही नाही. यूएसबी चार्जर लावला की त्यात भर पडते. इंजिन बंद असल्यामुळे मॅग्नेटो (इंजिनची ठिणगी देणारा) आणि आल्टरनेटर (इंजिनवर वीज बनवणारा) यातून सुटले. रेडिओमागचा अँटेनाचा कनेक्टर काढला की खरखर लगेच थांबते. रेडिओ वेगळ्या बॅटरीवर चालवला तरी मात्र तशीच. म्हणजे ती अँटेनातूनच येतेय.

दुसरी बारीक शिट्टी. इंजिन चालू झाल्यावर येते, थ्रॉटल वाढवला की सूर चढतो. अँटेना काढून आणि रेडिओचा आवाज शून्यावर नेऊनही हेडसेटमध्ये ऐकू येतेच. आल्टरनेटर बंद केला की जाते.

शिट्टी सहन करता येईल, खरी काळजी खरखरीची आहे. स्क्वेल्च चढवून ती दाबता येते, पण त्याबरोबर दूरच्या विमानाचा क्षीण कॉलही दबतो. धावपट्टीभोवतीच्या फेरीत (सर्किटमध्ये) कोण कुठे आहे हे त्या कॉलवरूनच कळतं, त्यामुळे हा उपाय मला मान्य नाही.

अँटेना शेपटीत आतून बसवली आहे, पाव तरंगलांबीची, साधारण ५९ सेंमी, बुडाशी तांब्याच्या पट्ट्या. डिस्प्लेकडून मॅग्नेटोमीटरला (दिशेसाठीच्या चुंबकीय सेन्सरला) जाणारी केबल तिच्यापासून हातभर अंतरावरून जाते. ती डिस्प्लेच्या मागून उपसली की खरखर बरीच उतरते, पूर्ण जात नाही. फेराइट (तारेवरचा गोंगाट दाबणारं कडं) नेमका कुठे लावू? की अँटेनाच हलवू?

प्रतिसाद:
अँटेना सध्या राहू द्या. डिस्प्लेतला गोंगाट त्या केबलवरून शेपटीपर्यंत पोचतोय आणि फायबरग्लास त्याला अडवत नाही. ३१ किंवा ४३ मिक्सचा (हे फेराइटच्या मिश्रणाचे प्रकार) क्लिपवाला फेराइट डिस्प्लेच्या कनेक्टरला अगदी चिकटून लावा. सगळ्या तारा एकत्र त्यातून जाऊ द्यात, एकेक वेगळी नको. डिस्प्लेच्या पॉवरच्या दोन्ही तारांनाही तसंच करा. उरलेली खरखर शोधायला हँडहेल्ड रेडिओला अँटेनाऐवजी कोअ‍ॅक्स केबलच्या टोकाला केलेला छोटा लूप जोडा, स्क्वेल्च उघडा ठेवा आणि वायरिंगवरून फिरवा.

शिट्टीसाठी हेडसेटचे जॅक बघा. ते धातूच्या पॅनेलला टेकलेले असतील तर इन्सुलेटिंग वॉशर घाला आणि त्यांचा ग्राउंड थेट इंटरकॉमलाच न्या.

धागाकर्ता:
जॅक खरंच पॅनेलला टेकलेले आहेत, वॉशर नाहीत. हे आधी करतो. क्लिप मॅग्नेटोमीटरच्या टोकालाही लावू का?

प्रतिसाद:
तिथे नको. फेराइट चुंबकीय क्षेत्र वळवतो, हेडिंग (विमानाची दिशा) चुकेल. डिस्प्लेकडचाच लावा, आणि केबलची वाट बदललीत तर कंपास पुन्हा कॅलिब्रेट करा.