शयनयान डब्याची रचना झोपणाऱ्यासाठी झाली, चढणाऱ्यासाठी नाही : आपले मत काय?

खिडकीकडेचा (धागाकर्ता)

लांब पल्ल्याच्या गाड्यांविषयी आपल्याकडे तक्रारी होतात त्या गर्दीच्या, अस्वच्छतेच्या आणि उशिराच्या. बर्थच्या रचनेविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, कारण लहानपणापासून तीच पाहत आल्यामुळे ती वेगळी असू शकेल हे सहसा मनातच येत नाही. माझे म्हणणे असे आहे की या रचनेत आडव्या झालेल्या प्रवाशाचा विचार बऱ्यापैकी झालेला आहे. चढणाऱ्याचा, उतरणाऱ्याचा आणि दिवसभर बसून राहणाऱ्याचा विचार मात्र अर्धवट राहिला आहे, आणि ही उणीव एकही बर्थ कमी न करता बरीचशी भरून काढता येईल.

आधी हिशेब मांडतो. जुन्या आयसीएफ (चेन्नईची इंटिग्रल कोच फॅक्टरी) बनावटीच्या स्लीपर डब्यात नऊ कप्पे आणि ७२ बर्थ असतात. त्यांपैकी बाजूचे धरून खालचे बर्थ २७, उरलेले ४५ मधले किंवा वरचे. नव्या, मूळ जर्मन आराखड्याच्या एलएचबी डब्यात दहा कप्पे, ८० बर्थ, आणि चढून जाण्याचे ५०. म्हणजे दर दहा प्रवाशांपैकी सहांना रात्री चढावेच लागते. असे असूनही शिडी ही डब्यातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. उभी, भिंतीसारखी सरळ, गोल नळीच्या पायऱ्यांची, अनवाणी तळव्याला रुतणारी. शेवटच्या पायरीवर पोहोचल्यानंतर हाताने धरायला नेमके काही नसते. तिथे गुडघा बर्थवर टेकवून सगळे शरीर आत ढकलावे लागते. उतरणे त्याहून अवघड, कारण अंधारात पाठमोरे होऊन पायाने पायरी चाचपावी लागते आणि त्याच वेळी गाडी एखाद्या सांध्यावरून हेलकावत असते. भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर व पुरुषाची सुमारे १६५ सेंटिमीटर आहे. या उंचीच्या माणसाची पावले आणि हात कुठे पोहोचतात, हे पाहून पायऱ्यांमधले अंतर ठरवलेले असावे, असे शिडीकडे पाहून तरी वाटत नाही.

दुसरा मुद्दा बसण्याचा. खालचा बर्थ सुमारे दोन फूट रुंद असतो. मांडी घालून बसायला, मध्ये डबा ठेवून जेवायला ही रुंदी उत्तम आहे आणि आपल्या सवयींना ती मानवते. पण पाय खाली सोडून बसल्यावर नितंबापासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंतचे अंतर बहुतेकांचे पन्नास सेंटिमीटरच्या आतच भरते, त्यामुळे पाठ मागे टेकली की पाय अधांतरी आणि पाय जमिनीला लागले की पाठ अधांतरी, अशी अवस्था होते. पाठ टेकायची ती फळी म्हणजे खाली सोडलेला मधला बर्थ. तो सपाट आणि उभाच असणार. तिथे कमरेला आधार देणारा किंचितसा फुगवटा आणि किंचितसा कल इतके तरी साधता येणार नाही का?

रूळमाप

धागाकर्त्यांनी मांडलेल्या अडचणी खऱ्या आहेत, परंतु त्या अज्ञानातून निर्माण झालेल्या नाहीत, भूमितीतून निर्माण झालेल्या आहेत. आपल्या दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर आहे, एलएचबी डबा बाहेरून सुमारे ३.२४ मीटर रुंद आणि रुळापासून चार मीटरांहून थोडा अधिक उंच आहे. जमिनीची पातळी रुळापासून सव्वा मीटरहून वर असते. छताची जाडी वजा केल्यावर आत उरते ती उंची अडीच मीटरांच्या आसपास. ताठ बसलेल्या माणसाला बैठकीपासून डोक्यापर्यंत ८० ते ९० सेंटिमीटर लागतात. एकावर एक तीन माणसे अशी बसवायची आणि खालची बैठक जमिनीपासून गुडघ्याइतकी उंच ठेवायची म्हटल्यास तीन मीटरांची गरज आहे. ती उंची उपलब्ध नाही, म्हणून मधला बर्थ उघडल्यावर तिथेही बसता येत नाही आणि खालीही बसता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा हीच मधल्या बर्थची वेळ असल्याचा नियम आहे तो याच कारणाने.

शिडीचेही तसेच. तिला कल द्यायचा तर तिचा पाय मार्गिकेत येणार, आणि ती मार्गिका आधीच दोन माणसे एकमेकांना ओलांडताना अंग चोरतील इतकीच आहे. आग लागल्यास त्याच वाटेने ८० जणांना बाहेर पडायचे असते. इतर देशांनी काय केले तेही पाहावे. चीनच्या हार्ड स्लीपर डब्यात बाजूचे बर्थच नाहीत, त्यामुळे एका डब्यात ६६ माणसे झोपतात. रशियाच्या प्लात्सकार्टमध्ये, म्हणजे तिथल्या उघड्या शयनयान डब्यात, बाजूचे बर्थ आहेत, पण सगळीकडे दोनच मजले, म्हणून तिथे ५४. आपण ८० झोपवतो. या ८० ची किंमत कुठेतरी मोजावी लागणारच, आणि ती आपण गुडघे व पाठ यांच्या रूपाने मोजत आहोत.

बर्थ वाढवण्याचा मोह कुठवर जाऊ शकतो हे आपण पाहिलेले आहेच. गरीब रथात आणि नंतर काही काळ स्लीपरमध्येही बाजूला मधला बर्थ घालून कप्प्यात आठाचे नऊ करण्यात आले. स्लीपरमधला तो प्रयोग पुढे मागे घ्यावा लागला. आजची रचना ही त्या दोन टोकांमधली तडजोड आहे आणि मला ती वाजवी वाटते.

सह्यकन्या

रूळमाप यांनी किंमत मोजण्याची भाषा केली आहे, तर ती किंमत सर्वांकडून सारखी घेतली जात नाही हेही नोंदवायला हवे. साडी नेसलेल्या स्त्रीला त्या उभ्या शिडीवर एका हाताने निऱ्या आवराव्या लागतात, म्हणजे धरण्यासाठी एकच हात उरतो. मासिक पाळीत रात्री दोनदा उतरावे लागते, गरोदरपणात त्याहून अधिक वेळा. संधिवात असलेल्या पन्नाशीच्या बाईला मधला बर्थ मिळाला तर ती प्रवासभर पाणी कमी पिते. हे मी माझ्या घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्या स्त्रियांमध्ये पाहत आले आहे आणि डब्याचे आराखडे करणाऱ्यांनी त्याची नोंद घेतल्याचे दिसत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते की राखीव कोटा आहे. तो आहेच : साठ वर्षांवरील पुरुष, पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया आणि गरोदर महिला यांच्यासाठी स्लीपरच्या एका डब्यात सहा-सात खालचे बर्थ. ज्यांना त्यांतला बर्थ मिळत नाही त्यांची सोय सहप्रवाशाच्या सौजन्यावर सोडलेली असते. एखाद्या तरुणाने उठून बर्थ बदलून दिला तर आपण त्याचे कौतुक करतो, पण रचनेतल्या उणिवेचे ओझे दररोज अनोळखी माणसांच्या चांगुलपणावर टाकले जाते याबद्दल कोणी जाब विचारत नाही.

धागाकर्त्यांशीही माझा एक मतभेद आहे. 'एकही बर्थ कमी न करता' ही अट त्यांनी स्वतःहून का घालून घेतली आहे? प्रत्येक डब्यात दाराजवळच्या एका कप्प्यातले दोन मधले बर्थ काढून टाकावेत. ८० चे ७८ होतील, आणि तो कप्पा वृद्ध, आजारी व लहान बाळ असलेल्या प्रवाशांसाठी ठेवता येईल.

प्रतीक्षायादी

ही चर्चा वाचताना मला सतत वाटत राहिले की आपण बर्थ मिळालेल्यांच्या गैरसोयीविषयी बोलत आहोत. त्याच गाडीच्या सर्वसाधारण डब्यात माणसे सामान ठेवायच्या फळीवर आणि दारातल्या जमिनीवर रात्र काढतात. आरएसी मिळालेले, म्हणजे कोणाचे आरक्षण रद्द होईपर्यंत अर्ध्या बर्थवर बसवलेले, दोन अनोळखी प्रवासी एकाच साइड लोअरवर (बाजूच्या खालच्या बर्थवर) पाय आखडून समोरासमोर बसून शेकडो किलोमीटर जातात, आणि तो साइड लोअर झोपण्यासाठी आडवा केला तरी दोन बैठकींच्या मधली फट पाठीत रुततेच. या लोकांपुढे कमरेच्या फुगवट्याची मागणी ठेवणे मला पटत नाही. एक बर्थ कमी झाला की प्रतीक्षा यादीतला एक माणूस त्या सर्वसाधारण डब्यात जातो, इतका साधा हा संबंध आहे. सह्यकन्या यांच्या सूचनेप्रमाणे दहा स्लीपर डब्यांच्या गाडीतून वीस माणसे बाहेर पडतील.

शिवाय मूळ दुखणे वाटपाचे आहे. आरक्षण करताना वय, लिंग हे सगळे यंत्रणेला कळलेले असते. पंचविशीतल्या एकट्या प्रवाशाला खालचा बर्थ आणि सत्तरीच्या आजोबांना वरचा, असे वाटप कित्येकदा होते, याचे कारण कोटा लहान आहे आणि बाकीचे वाटप आधी येईल त्याला मिळते. डब्यात एकही खिळा न हलवता हे सुधारता येईल. पैसा असेल तर तो अधिक डब्यांवर आणि अधिक गाड्यांवर खर्च व्हावा.

रूळमाप

सह्यकन्या यांच्या सूचनेत एक अडचण आहे. मधले दोन बर्थ काढल्याने खालचा एकही बर्थ वाढत नाही. त्या कप्प्यात आधीही खालचे दोनच होते आणि नंतरही दोनच राहतील. ज्यांना चढता येत नाही अशा माणसांची संख्या त्याने भागणार नाही. फक्त प्रवासी कमी होतील.

सह्यकन्या

खालचे बर्थ वाढावेत हा त्या सूचनेचा उद्देश नव्हता. खाली असलेल्या माणसाला रात्रीही उठून बसता यावे हा होता. दम्याच्या रुग्णाला आडवे पडल्यावर श्वास लागतो. बाळाला पाजणाऱ्या आईला बसावे लागते. मे २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडून बाळासाठी छोटा बर्थ बसवण्याचा प्रयोग झाला. कल्पना कौतुकास्पद होती, पण वरती मधला बर्थ उघडलेला असताना त्या आईने रात्री दोन वाजता बाळाला मांडीवर कसे घ्यायचे? बाळाची जागा मोजली गेली, आईच्या डोक्यावरची उंची मोजायची राहून गेली.

प्रतीक्षायादी यांच्या वीस माणसांबद्दल : ही किंमत मला मान्य आहे. जी गाडी आजारी माणसाला रात्रभर आडवे पडून राहायला लावते, तिने ऐंशीच्या ऐंशी जागा विकण्याचा आग्रह धरू नये.

खिडकीकडेचा

इथे मी मुद्दाम दोघांच्या मध्ये उभा राहतो. प्रतीक्षायादी यांनी सर्वसाधारण डब्याची आठवण करून दिली ती योग्यच आहे, पण रचना सुधारली म्हणून डबे कमी होतात हे गृहीतक मला मान्य नाही. नवे डबे चेन्नई, कपूरथळा, रायबरेली इथे सतत तयार होतच आहेत. आराखड्याच्या टप्प्यावर पायरीचा आकार बदलायला जवळजवळ काहीच लागत नाही. तोच बदल डबा रुळावर आल्यानंतर करायचा म्हटल्यास मात्र खर्च आहे. अधिक डबे जरूर यावेत, पण त्यांतही तीच शिडी आली तर गैरसोयही त्या प्रमाणात वाढेल.

रूळमाप यांच्या भूमितीविषयी : उंची वाढणार नाही हे मान्य, पण जागा ही केवळ भिंतींनी ठरत नाही. २०२१ मध्ये आलेल्या वातानुकूलित थ्री टायर इकॉनॉमी डब्यात एलएचबी थ्री टायरच्या ७२ ऐवजी ८३ बर्थ बसले, त्याचे एक मोठे कारण म्हणजे डब्यातली विजेची उपकरणे जमिनीखाली हलवण्यात आली. त्याच डब्यात शिडीची रचना सुधारल्याचे आणि मधल्या व वरच्या बर्थवर डोक्यासाठी जास्त उंची ठेवल्याचे रेल्वेनेच जाहीर केले होते. म्हणजे बर्थ वाढवतानासुद्धा शिडी बदलता येते. मग स्लीपरला ती का मिळू नये? सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळुरूत वंदे भारत स्लीपरचा नमुना दाखवण्यात आला, सोळा डब्यांत ८२३ बर्थ, सगळे वातानुकूलित. अर्गोनॉमिक्सचा, म्हणजे माणसाच्या शरीराला साजेशा रचनेचा, विचार वरच्या भाड्याच्या वर्गांत आधी पोहोचतो आणि ज्या डब्यात सर्वाधिक वृद्ध व कष्टकरी माणसे प्रवास करतात तिथे शेवटी, ही माझी खरी तक्रार आहे.

उलट उदाहरणही आपल्याकडे आहे. १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गातले बर्थ नुसत्या लाकडी फळ्यांचे होते. त्यांच्या काळात त्यांवर दोन इंची फोमची गादी आली. प्रवाशांची संख्या घटवावी लागली नाही, आणि सुधारणेची सुरुवात खालच्या वर्गापासून झाली.

शेवटचा मुद्दा सुरक्षिततेचा. जून २०२४ मध्ये एर्नाकुलम–निजामुद्दीन गाडीत वरचा बर्थ कोसळून खालच्या प्रवाशाला जीव गमवावा लागला. बर्थ नादुरुस्त नव्हता, वरच्या प्रवाशाने साखळी नीट अडकवली नव्हती, असा खुलासा रेल्वेने केला. तो जसाच्या तसा मान्य केला तरी प्रश्न उरतोच : अनोळखी माणसाने अंधारात, घाईत, पहिल्यांदाच हाताळलेली साखळी नीट लागली आहे की नाही यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून ठेवणारी रचना आपण वाजवी तडजोड म्हणायची का? आपोआप अडकणारी खिट्टी हवी.

रूळमाप

पायऱ्या चपट्या व रुंद कराव्यात आणि वरच्या टोकाला उभा दांडा असावा, याला माझा विरोध नाही. त्याने मार्गिका अडत नाही. खिट्टीबाबत मात्र मी सावध राहीन. स्लीपरच्या खिडक्या उघड्या असतात. धूळ, पावसाचे पाणी, गंज यांमुळे स्प्रिंगची खिट्टी दोन-तीन वर्षांत अर्धवट बसू लागते, आणि अर्धवट बसलेली खिट्टी बाहेरून पूर्ण बसल्यासारखीच दिसते. साखळी ओबडधोबड आहे खरी, पण ती अडकली आहे की लोंबते आहे हे डोळ्यांना दिसते. वातानुकूलित डब्यात निदान बिछाना देणारा कर्मचारी तरी फिरतो. स्लीपरमध्ये रात्री दहानंतर बर्थ तपासायला कोण येणार?

सह्यकन्या

कोणी येणार नाही, हे धरूनच रचना करावी लागेल. साखळी अडकलेली डोळ्यांना दिसते असे आपण म्हणता, पण ती वर चढलेल्याला दिसते. ज्याच्या अंगावर बर्थ पडणार तो खाली आडवा असतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर फक्त बर्थचा तळ असतो. तेव्हा साखळी ठेवा किंवा खिट्टी ठेवा, ती पूर्ण बसल्याची खूण बर्थच्या खालच्या अंगाला, झोपलेल्या माणसाला दिसेल अशा जागी हवी, म्हणजे निजण्यापूर्वी तो वरच्याला हाक मारून सांगू शकेल. यासाठी मार्गिकेतली जागा लागत नाही आणि बर्थही कमी होत नाही, तेव्हा प्रतीक्षायादी यांचीही हरकत नसावी.

प्रतीक्षायादी

या खुणेला हरकत नाही. दोन मधले बर्थ काढण्याला अजूनही आहे.