बिडाची तोफ: कार्बन-१४ ने वय कळेल का?

गडवाटा: कोकणातल्या एका गडावर बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची तोफ आहे. नळीवर मुकुट आणि २२-१-१२ असे आकडे. गटात कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन मोजून वय काढायची चाचणी) करून घ्यायचं चाललंय. नमुना किती आणि कसा घ्यावा?

ओतारी: आधी आकडे वाचा, त्याला पैसे पडत नाहीत. हे इंग्रजी वजन आहे: हंड्रेडवेट (११२ पौंड), क्वार्टर (२८ पौंड), पौंड. २२×११२ + २८ + १२ = २५०४ पौंड, म्हणजे साधारण ११३६ किलो. मुकुटाखाली ‘जी-आर’मध्ये (जॉर्ज राजाची आद्याक्षरं) ३ गुंफलेला असेल तर तिसरा जॉर्ज, १७६० ते १८२०. अंधार पडल्यावर टॉर्च नळीला जवळपास चिकटवून आडवा धरा नि फोटो काढा. झिजलेली अक्षरं उठून दिसतात.

भट्टीकर: वयासाठी कार्बन-१४ इथे जवळजवळ निरुपयोगी. बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो, पण तो येतो इंधनातून. लोणारी कोळसा असेल तर झाडाचं वय मिळतं, आणि १६५० नंतरच्या काळात अंशशोधनाचा आलेख (मापावरून खरं साल काढायचा) इतका वरखाली होतो की एकाच मापाला तीन-चार कालखंड बसतात. कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन) असेल तर कार्बन-१४ उरलेलाच नसतो; अहवालात ‘४०,००० वर्षांहून जुनं’ असं येईल. त्यावर हसू नका, तेच खरं उत्तर! अब्राहम डार्बीने इंग्लंडात कोलब्रुकडेलला कोकवर बीड काढलं १७०९ मध्ये, म्हणजे इंग्रजी तोफ त्यानंतरची. (चीनमध्ये दगडी कोळसा अकराव्या शतकातच वापरात होता, तिथे हा नियम लावू नका.) आकडा मधलाच, समजा १२,००० वर्षं आला, तर दोन्ही इंधनांची सरमिसळ किंवा जुनं बीड कोकवर पुन्हा वितळवलेलं.

गडवाटा: मग इंधन ओळखायला स्वस्त उपाय?

भट्टीकर: गंधक. लोणारी कोळशाच्या बिडात सहसा ०.०३ टक्क्यांच्या आत, कोकच्या बिडात बहुधा ०.०५ च्या पुढे. पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय ड्रिल लावू नका. ५ मिमीचा बिट, कोरडा; कटिंग ऑइलमध्ये खनिज तेलाचा मृत (कार्बन-१४ न उरलेला) कार्बन असतो, त्याने वय फुगतं. पहिले ४ मिमी टाकून द्या. पुढचा चुरा फॉइलवर झेलून काचेच्या कुपीत भरा, काळी भुकटीसुद्धा, कारण ग्रॅफाइट (बिडातला सुटा कार्बन) तिच्यातच असतं. कार्बन-गंधक जाळून मोजायला २-३ ग्रॅम पुरतात. स्पार्क स्पेक्ट्रोवर (ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणारं यंत्र) करड्या बिडाचा कार्बन धड येत नाही.

ओतारी: हातातल्या एक्सआरएफवरही (क्ष-किरणांनी घटक मोजणारं यंत्र) विसंबू नका. त्याला कार्बन दिसतच नाही. शिवाय खाऱ्या हवेत, विशेषतः पाण्यात पडून राहिलेल्या बिडातलं लोह झिरपून जातं आणि ग्रॅफाइट मागे राहतं. सुरीने खरवडलं तर पेन्सिलीसारखं निघतं. अशा पृष्ठभागावर सिलिकॉन, फॉस्फरस खोटेच जास्त दाखवतात. आणि नकलेची शंका असेल तर एक तुकडा घासून, पॉलिश करून १०० पट मोठा करून बघा. ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोल गोळ्यांत दिसला तर मॅग्नेशियम घातलेलं बीड, म्हणजे १९४८ नंतरचं.