प्रतिसाद: चौरस हा आयत असतो का?

प्रश्न असा होता, की एका मुलीने 'प्रत्येक चौरस आयत असतो' असं लिहिलं, तर ते चूक का. चूक नाहीच! चौकोनाचे चारही कोन काटकोन असले की झाला आयत. लगतच्या बाजू असमान हव्यात, अशी अट व्याख्येत नाही. फायदा असा, की आयताचे गुणधर्म (कर्ण एकरूप, परस्परांना दुभागणारे) चौरसाला आपोआप लागू होतात, पुन्हा सिद्ध करत बसायला नको. उलटं मात्र चालत नाही: प्रत्येक आयत चौरस नसतो.

गंमत म्हणजे प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने खुद्द आपल्या 'एलिमेंट्स' या भूमितीच्या ग्रंथात, पहिल्या भागातल्या २२व्या व्याख्येत, आयतातून चौरस वगळला होता. आणि आपल्या पाठ्यपुस्तकात समलंब चौकोनाला समांतर बाजूंची 'एकच जोडी' लागते, म्हणून दोन जोड्या असलेला समांतरभुज चौकोन तिथे बसत नाही. एक व्याख्या खास प्रकाराला सामावून घेते, दुसरी वगळते; मुलं खरी गोंधळतात ती इथे.