मदत हवी आहे: ऑरेंज नदीतली सीमारेषा नकाशात कुठे काढू?

नववीच्या वर्गासाठी ऑरेंज नदीचा भिंतीवरचा नकाशा हाताने काढतेय. लेसोथोच्या डोंगरातला उगम, गारिप धरण, अटलांटिकचं मुख, सगळं बसलं. अडलंय ते खालच्या टप्प्यात, जिथे नदी दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाची सीमा होते. १८९० च्या ब्रिटिश-जर्मन करारात सीमा उत्तर काठावर आहे, म्हणजे पात्र सगळं दक्षिणेकडे. नामिबियाची १९९० ची राज्यघटना मात्र नदीच्या मध्यापर्यंत हक्क सांगते. तीन अ‍ॅटलास पाहिले. निळ्या रेघेवरच तुटक रेघ मारलीय, काठ कळतच नाही. उत्तर काठावरच्या औसेनकेरचे द्राक्षमळे याच पाण्यावर जगतात, म्हणून मला हे मोघम सोडवत नाही. जागा एकाच रेघेची आहे. ती काठावर काढू की मधोमध, आणि दुसरा दावा सूचीत कसा दाखवू?